मागें राहिलेल्यांची शिक्षिका : डॉ. मारिया माँटेसरी

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील मोठ्या गांवांतून माँटेसरी या नांवाच्या पाट्या अधूनमधून दिसतात. तीन-चार वर्षांचीं बालकें ज्या शाळेंत जातात तिला लोक सहज माँटेसरी म्हणतात, जणूं तें एका इयत्तेचेंच नांव आहे. परंतु हें नांव एका बाईचें आहे. ती बाई डॉक्टर होती. आणि तिच्या शिक्षणपद्धतीचा उगम सुखवस्तु घरांतील चलाख बालकांच्या वर्गांत झाला नसून, वेड्यांच्या इस्पितळांत कोंडलेल्या मुलांच्या सहवासांत झाला, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते. ज्या मुलांस जगानें निकामी ठरविलें होतें त्यांच्यासाठीं तिनें जीं साधनें घडविलीं, तींच आज जगभरच्या बालशाळांतून वापरलीं जातात. हें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं वाचावें असें आम्हांस वाटतें. कारण बोलावयास उशीर लागणारें, एका जागीं न बसणारें, अक्षर ओळखतां न येणारें असें एखादें तरी मूल बहुतेक प्रत्येक शाळेंत असतेंच.

मारियाबाईंचा जन्म इटली देशांत, आंकोना शहराजवळच्या किआराव्हाले या गांवीं, ता. ३१ ऑगस्ट १८७० रोजीं झाला. वडील आलेसांद्रो हे सरकारी नोकर असून जुन्या वळणाचे गृहस्थ होते. आई रेनिल्दे या मात्र वाचनाच्या भोक्त्या, आणि मुलीनें पुष्कळ शिकावें अशा इच्छेच्या होत्या. १८७५ सालीं हें कुटुंब रोम शहरीं राहावयास आलें. मुलींनीं शिकलें तर फार तर शिक्षिका व्हावें, असा तेव्हांचा समज होता, आणि मारियाबाईंस नेमकें तेंच नको होतें. तेराव्या वर्षीं त्या तांत्रिक शाळेंत दाखल झाल्या. गणिताची आवड असल्यामुळें इंजिनिअर व्हावें असें त्यांच्या मनांत होतें. पुढें तो विचार मागें पडून वैद्यकाचा ध्यास लागला. वडिलांस हें रुचलें नाहीं, आणि विद्यापीठांतील सहाध्यायांसहि रुचलें नाहीं. पुरुषांच्या समवेत स्त्रीनें शवविच्छेदन पाहणें अशिष्ट मानलें जाई. म्हणून सर्वजण निघून गेल्यावर संध्याकाळीं एकटीनें प्रेतांपाशीं बसून त्यांस तो अभ्यास करावा लागे. आईच्या पाठबळावर त्या टिकल्या, आणि १८९६ सालीं रोमच्या विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. इटलींतील पहिल्या मोजक्या स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते.

पदवीनंतर त्या विद्यापीठाच्या मानसरोग-चिकित्सालयांत सहाय्यक म्हणून काम करूं लागल्या. या कामासाठीं त्यांस रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत जावें लागे. तेथें मोठ्या वेड्यांच्या शेजारींच लहान मुलेंहि ठेवलेलीं असत. कोणाची बुद्धि वयाच्या मानानें वाढलेली नव्हती, कोणास नीट बोलतां येत नव्हतें, कोणाचे हातपाय ताब्यांत राहत नव्हते. शाळेनें नाकारलें, घरीं सांभाळवेना, म्हणून तीं येथें आलेलीं. अशा एका खोलीची हकीकत सांगतात ती अशी : जेवण झाल्यावर मुलें जमिनीवर पडलेले पावाचे चुरे गोळा करीत बसत. देखरेखीस असलेली बाई तें पाहून त्यांच्या अधाशीपणाचा तिटकारा दाखवी. माँटेसरीबाईंनीं सभोंवार पाहिलें. भिंती उघड्या, खेळणें नाहीं, भांडें नाहीं, दगड किंवा काडीहि नाहीं. त्या खोलींत हातांत धरण्यासारखी वस्तु काय ती तेवढीच होती. हीं मुलें अन्नाचीं भुकेलीं नसून हातांच्या कामाचीं भुकेलीं आहेत, असें त्यांच्या ध्यानांत आलें. तेच चुरे पाहून एकीस हावरेपणा दिसला, दुसरीस शिकण्याची भूक दिसली. पुढील पन्नास वर्षांचें सारें कार्य या पाहण्यांतून निघालें असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आपणांस दिसलें तें पूर्वी कोणास दिसलें होतें काय, याचा त्या शोध घेऊं लागल्या, आणि त्यांस दोन फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ सांपडले. पहिले इतार. त्यांची कथा आपल्यासारख्या अरण्यप्रांतांतील वाचकांस विशेष वाटेल. सन १८०० च्या आरंभीं फ्रान्सच्या दक्षिण भागांतील आव्हेरों प्रांतांत सुमारें बारा वर्षांचा एक मुलगा रानांतून वस्तींत आला. अंगावर वस्त्र नाहीं, तोंडांत शब्द नाहीं. त्यास पॅरिसला नेण्यांत आलें. थोर थोर पंडितांनीं त्यास पाहून हा जन्मजात जड आहे, यास शिकविणें व्यर्थ आहे, असा निर्णय दिला. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेंतील तरुण डॉक्टर इतार यांनीं तो निर्णय मानला नाहीं. त्यांनीं त्याचें नांव व्हिक्टर ठेविलें आणि सुमारें पांच वर्षें त्याच्यापाशीं बसून त्याचे कान, डोळे व हात जागे करण्याचा यत्न केला. व्हिक्टर कांहीं लिहिलेले शब्द ओळखूं लागला, माया करूं लागला. परंतु बोलावयास तो कधींच शिकला नाहीं. इतार यांस हें अपयश वाटलें. आजचे कांहीं जाणकार त्यास स्वमग्नता असावी असा तर्क करितात. इतार यांच्या पद्धतीचे धागे त्यांचे शिष्य सेगँ यांनीं उचलले. त्यांनीं पॅरिसमध्यें अशा मुलांसाठीं शाळा काढली, आणि पुढें अमेरिकेंत जाऊन तोच उद्योग चालविला. मुलाच्या बुद्धीकडे जाण्याची वाट त्याच्या स्नायूंतून व इंद्रियांतून जाते, हें सेगँ यांच्या शिकवणीचें सार होय.

माँटेसरीबाईंनीं या दोघांचे ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत स्वतःच्या हातानें इटालियन भाषेंत उतरवून काढले, कारण एकेका शब्दाचें वजन त्यांस घ्यावयाचें होतें. १८९८ सालीं तुरिन येथील शिक्षकांच्या परिषदेंत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, बुद्धीनें मागें असलेल्या मुलांचा प्रश्न मुख्यतः औषधाचा नसून शिक्षणाचा आहे. डॉक्टरानेंच हें बोलावें याचें लोकांस आश्चर्य वाटलें. त्यांतून चळवळ उभी राहिली, आणि १९०० सालीं रोममध्यें अशा मुलांच्या शिक्षकांसाठीं एक विद्यालय निघालें; त्यास जोडून मुलांचा वर्गहि होता. त्याच्या चालकांत माँटेसरीबाई होत्या. सकाळीं आठांपासून संध्याकाळीं सातांपर्यंत त्या स्वतः मुलांस शिकवीत, आणि रात्रीं दिवसभराच्या नोंदी लावीत.

त्या काय करीत हें एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या हातांत बळ होतें, परंतु तिला शिवण कांहीं केल्या येईना. सुई वरून खालीं व खालून वर नेण्याचा साधा धावदोराहि तिला साधेना. दुसऱ्या कोणी तिला पुन्हां पुन्हां सुईच दिली असती व शेवटीं कंटाळून सोडून दिलें असतें. माँटेसरीबाईंनीं सुई बाजूस ठेविली आणि तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणावयास दिली. एक पट्टी वर, एक खालीं. एक वर, एक खालीं. आपल्याकडील बुरडाच्या अंगणांत बांबूच्या कांब्यांची चटई जशी विणतात तसाच हा प्रकार. त्यांत ती रमली. हात सरावल्यावर तिला पुन्हां सुई दिली, तों काय, तिला शिवतां येऊं लागलें! सुईची जी हालचाल तिच्या हातास अपरिचित होती, ती चटईनें आधींच शिकविली होती. यावरून बाईंनीं एक नियम बांधला : मुलास एखादी पायरी चढतां येत नसेल, तर त्याच पायरीवर त्यास ढकलीत राहूं नये, तिच्या अलीकडची, आपल्या डोळ्यांस न दिसलेली पायरी शोधावी व ती बांधून द्यावी.

लिहिण्याच्या बाबतींतहि त्यांनीं हेंच केलें. लेखणी धरण्यापूर्वीं मुलाच्या बोटास अक्षराचें वळण कळावें म्हणून त्यांनीं लांकडाचीं सुंदर वळणदार अक्षरें करविलीं, आणि मुलांनीं त्यांवरून बोट फिरवावें अशी योजना केली. डोळ्यानें पाहावयाचें, बोटानें गिरवावयाचें, कानानें उच्चार ऐकावयाचा. एक दार बंद असलें तर दुसऱ्यानें आंत शिरावयाचें. आमच्या आज्या-पणज्या ज्या धूळपाटीवर धुळाक्षरें गिरवीत, तिच्यांत हाच गुण होता. आपण ती धूळपाटी टाकून दिली आणि पहिल्या दिवसापासून पोराच्या हातांत पेन्सिल व वही दिली. ज्याचा हात तयार होता त्याचें त्यावांचून अडलें नाहीं, ज्याचा नव्हता तो तेथेंच अडला.

या परिश्रमाचें फळ असें आलें कीं, त्या वर्गांतील कांहीं मुलें लिहावयास-वाचावयास शिकलीं, आणि सार्वजनिक शाळांतील सर्वसाधारण मुलांबरोबर परीक्षेस बसून उत्तीर्ण झालीं. लोकांनीं हा चमत्कार मानला. स्वतः बाईंस मात्र दुसराच प्रश्न पडला. आपलीं मुलें पुढें गेलीं तीं त्यांच्यायोग्य रीतीनें शिकविल्यामुळें. तर मग सुदृढ बुद्धीचीं मुलें इतक्या खालच्या पातळीवर कां राहिलीं? त्यांच्या शक्तीस शाळेनें बाकांत जखडून ठेविलें आहे काय? मागें राहिलेल्या मुलांचें यश हें त्यांनीं सर्व शाळांपुढें धरलेल्या आरशासारखें वापरलें. येथें एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेविली पाहिजे. सारींच मुलें बरीं झालीं, सारींच इतरांच्या बरोबरीस आलीं, असें नव्हे. कोणी वाचूं लागलें, कोणी केवळ स्वतःचे बंद बांधावयास व स्वतःच्या हातानें नीट जेवावयास शिकलें. शिक्षणानें प्रत्येकाचें दुखणें गेलें नाहीं. परंतु प्रत्येकाचें पाऊल आपापल्या जागेवरून पुढें पडलें.

याच काळांत त्यांच्यावर एक मोठें दुःख कोसळलें, तें चरित्रकारास वगळतां येणार नाहीं. त्या विद्यालयाचे दुसरे चालक डॉ. मोंतेसानो यांजवर त्यांचें प्रेम जडलें होतें, व १८९८ सालीं मारिओ नांवाचा मुलगाहि झाला होता. परंतु त्यांचा विवाह झाला नाहीं. तत्कालीन समाजांत अशा मातेस तोंड वर काढतां आलें नसतें. मूल खेड्यांतील एका कुटुंबाकडे वाढावयास ठेवण्यांत आलें, आणि माता त्यास भेटे ती आपली ओळख न देतां. १९०१ सालीं मोंतेसानो यांनीं दुसरीशीं विवाह केला. बाईंनीं तें विद्यालय सोडलें. जगाच्या मुलांस दारें उघडून देणाऱ्या या बाईंस स्वतःचें मूल कैक वर्षें घरीं आणतां आलें नाहीं. आईच्या मृत्यूनंतर, १९१३ च्या सुमारास, पंधरा वर्षांचा मारिओ त्यांच्यापाशीं राहावयास आला. पुढें तोच त्यांचा सहकारी व त्यांच्या कार्याचा वारस झाला.

विद्यालय सोडल्यावर त्या पुन्हां विद्यार्थिनी होऊन तत्त्वज्ञान व मानवशास्त्र शिकल्या. सर्वसाधारण मुलांवर आपली पद्धति पाहण्याची संधि त्यांस १९०७ सालीं मिळाली. रोमच्या सान लोरेन्झो नांवाच्या गरीब वस्तींत एका मंडळीनें मोडक्या इमारती दुरुस्त करून मजुरांस भाड्यानें दिल्या होत्या. आईबाप कामावर गेल्यावर शाळेच्या वयाखालचीं पोरें दिवसभर जिने धुंडाळीत, भिंती खराब करीत. या पोरांस कोठें तरी डांबून ठेवावें एवढाच मालकांचा हेतु होता. ता. ६ जानेवारी १९०७ रोजीं तेथें पन्नासांवर मुलांचें बालगृह उघडलें. इस्पितळांतील मुलांसाठीं केलेलीं साधनें बाईंनीं येथें आणिलीं. त्यांत दट्टापेटी होती; म्हणजे एका लांकडी ठोकळ्यांत निरनिराळ्या मापाचीं भोकें, व त्यांत नेमके बसणारे दट्टे. तीन वर्षांची एक मुलगी ते दट्टे काढी, मिसळी व पुन्हां बसवी. बाईंनीं तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेविली, इतर मुलांस गाणीं म्हणावयास लाविलें. तरी तिचें काम थांबेना. चाळीसहून अधिक वेळां तें केल्यावर ती आपोआप थांबली, आणि गाढ झोपेंतून उठल्यासारखी प्रसन्न दिसली. लांकडी अक्षरें महाग पडत, म्हणून सुतार लांकूड घासण्यास वापरतो तसल्या खरखरीत कागदाचीं अक्षरें कापून पुठ्ठ्यावर चिकटविलीं. बोटें त्यांवरून फिरलीं आणि कांहीं महिन्यांत चार-पांच वर्षांचीं मुलें खडूनें जमिनीवर लिहूं लागलीं. ज्यांस सारे धटिंगण म्हणत होते त्यांच्या हातांस मनाजोगें काम मिळतांच त्यांचा दंगा बहुतांशीं आपण होऊनच निवला. छडीची गरज पडली नाहीं.

यापुढील कीर्तीचा इतिहास आम्ही थोडक्यांत आटोपतों. १९०९ सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व अनेक भाषांत गेला. १९१३ सालीं अमेरिकेंत त्यांचें मोठें स्वागत झालें. इटलींत मुसोलिनीच्या सरकारनें आरंभीं त्यांस आश्रय दिला. पण स्वतंत्र वृत्तीचीं मुलें आणि हुकूमशाही यांचें जमणें अशक्य असल्यामुळें १९३४ सालीं तेथील माँटेसरी शाळा बंद पडल्या. स्पेनमध्यें यादवी युद्ध पेटल्यामुळें १९३६ सालीं तेंहि घर सोडून त्या हॉलंडांत गेल्या.

१९३९ सालीं थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओंसह मद्रासजवळ अड्यार येथें आल्या. वय एकोणसत्तर. सुमारें तीनशें शिक्षक त्यांच्या पहिल्या वर्गास जमले. पुढील वर्षीं इटली महायुद्धांत उतरली, तेव्हां इंग्रज सरकारच्या दृष्टीनें मायलेंक शत्रुराष्ट्राचीं ठरलीं. मारिओंस आपल्या महाराष्ट्रांतील अहमदनगरच्या छावणींत स्थानबद्ध करण्यांत आलें, व बाईंस अड्यारच्या आवाराबाहेर पडण्याची बंदी झाली. ता. ३१ ऑगस्ट १९४० रोजीं त्यांस सत्तर वर्षें पूर्ण झालीं, त्या दिवशीं सरकारनें वाढदिवसाची भेट म्हणून मारिओंची सुटका केली. सुटकेच्या तारेंत त्यांचा उल्लेख बाईंचा पुत्र असाच केला होता असें सांगतात. जें नातें चाळीस वर्षें उघड बोलतां आलें नव्हतें, तें असें परक्या सरकारच्या तारेनें उघड झालें. युद्ध संपेपर्यंत व त्यानंतर पुन्हां १९४९ पर्यंत त्या हिंदुस्थानांत होत्या, आणि एक हजारांवर शिक्षक त्यांच्या हाताखालीं तयार झाले. ता. ६ मे १९५२ रोजीं हॉलंडमधील नॉर्डव्हाइक येथें त्यांचें देहावसान झालें.

आपल्या महाराष्ट्रांतहि हें बीज पडलें होतें. बाई येथें येण्यापूर्वींच गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला होता. श्रीमंतांच्या शाळेंतील महाग साधनें खेड्यांत चालणार नाहींत हें ओळखून ताराबाईंनीं १९४५ पासून बोर्डी येथें, व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांच्या अंगणांतच बालवाडी नेली. बिया, शिंपले, पानें व माती हींच त्यांचीं साधनें झालीं. दुसऱ्या बाजूनें, इतरांनीं नाकारलेल्यांसाठीं शाळा उघडण्याची परंपराहि आपल्याकडे जुनी आहे. केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई आंधळ्या मुलींस ब्रेल लिपि शिकवीत. १९४४ सालीं मुंबईंत जय वकील या बाईंनीं व त्यांच्या डॉक्टर पतींनीं आपल्या स्वतःच्या मुलीकरितां शाळा आरंभिली. बुद्धीनें मागें असलेल्या मुलांची ती शाळा आज मोठ्या वृक्षासारखी वाढली आहे. आणि आपल्याच जिल्ह्यांत वरोऱ्याच्या आनंदवनांत आंधळ्या व मूकबधिर मुलांच्या शाळा आहेत.

एवढें सांगून झाल्यावर एक विपरीत गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. जीं साधनें मागें राहिलेल्या मुलांच्या खोलींत जन्मलीं, तीं कीर्ति वाढतांच पुढें असलेल्यांच्या शाळांत गेलीं. आज कित्येक शहरांत त्या नांवाच्या शाळेस भारी फी पडते, आणि प्रवेशाच्या वेळीं न बोलणारें किंवा एका जागीं न बसणारें मूल आलें तर त्याच्या आईबापांस दुसरी शाळा पाहावयास सांगतात. ज्याच्यासाठीं घर बांधलें तोच दाराबाहेर! हें कर्ज आपण शिक्षकांनीं व पालकांनीं फेडलें पाहिजे, आणि तें फेडण्यास पैसा फारसा लागत नाहीं.

प्रथम मुलास नीट पाहावें. आपल्या दोन जिल्ह्यांत कोणाच्या घरीं माडिया बोलतात, कोणाच्या गोंडी, कोणाच्या तेलुगू, कोणाच्या बंगाली. असें मूल मराठी वर्गांत पहिलें वर्षभर गप्प बसलें, तर तें मंद नव्हे. त्यास आपली भाषा येत नाहीं, आणि आपणांस त्याची येत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. भाषेनंतर कान व डोळे तपासावे. पुष्कळदां ऐकूं न येणारें मूलच आडमुठें ठरतें. शाळांतून व अंगणवाड्यांतून मुलें तपासण्यास सरकारी वैद्यकीय पथकें येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या नांवानें ही योजना २०१३ पासून चालूं आहे. पथक येईल त्या दिवशीं आपलें मूल लाजेनें घरीं ठेवूं नये. त्यास आवर्जून पाठवावें.

दुसरें, नांवांचें भय बाळगूं नये. पूर्वीं सर्वांस मिळून मतिमंद किंवा वेडसर म्हणत. आतां बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन-अक्षमता असे भेद तज्ज्ञ करितात, आणि प्रत्येकाची शिकविण्याची रीत निराळी असते. ज्यास अक्षरें उलटसुलट दिसतात तो तोंडीं उत्तम उत्तर देईल. ज्यास गोंगाट सोसत नाहीं तो कोंपऱ्यांत शांतपणें काम करील. यांतील कशासहि आईचें पाप किंवा कोणाची करणी कारण नाहीं. मांत्रिकाकडे घालविलेलें वर्ष हें त्या मुलाच्या शिकण्याच्या वयांतील वर्ष असतें. तें परत मिळत नाहीं.

तिसरें, अलीकडची पायरी शोधावी. बेरीज येत नसेल तर चिंचोके मोजावयास द्यावे. लिहितां येत नसेल तर परातींत वाळू पसरून बोटानें गिरवूं द्यावें. एका जागीं बसवत नसेल तर पाणी आणणें, फळा पुसणें, वह्या वांटणें हें काम त्याचें करावें, म्हणजे उठण्यास कारण मिळतें व बसण्यास विसांवा. एका वेळीं एकच सूचना द्यावी. जें काल साधलें त्याची नोंद ठेवावी. कारण अशा मुलाची प्रगति मोहाच्या झाडासारखी असते, रोज पाहणाऱ्यास ती दिसत नाहीं.

चौथें, कायदा आपल्या बाजूस आहे हें पालकांनीं जाणावें. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यांत एकवीस प्रकार मोजले असून वरील चारींपैकीं बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांचीं नांवें त्यांत स्पष्ट आहेत. ठराविक प्रमाणांत अक्षमता असलेल्या मुलास अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या शाळेंत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेंत, मोफत शिकतां येतें. प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेंत जादा वेळ व लेखनिक यांसारख्या सवलतीहि मिळतात. माँटेसरीबाईंनीं अशा मुलांसाठीं निराळे वर्ग व निराळ्या शाळा मागितल्या होत्या, कारण तेव्हां त्यांस कोठेंच जागा नव्हती. आज आपण एक पाऊल पुढें जाऊन म्हणतों कीं, शक्य तेथवर त्यांनीं आपल्या भावंडांबरोबर, गांवच्याच शाळेंत बसावें. ज्या गांवाहून जिल्ह्याचें ठिकाण जंगलांतून कित्येक कोस दूर आहे, तेथें तर गांवची शाळा हीच त्यांची एकुलती एक शाळा होय.

शेवटीं दोन शब्द विद्यार्थ्यांस. बाळांनो, कायदा मुलास वर्गांत आणून बसवूं शकतो. त्यास वर्गांत घेणें हें तुमच्याच हातीं आहे. मधल्या सुटींत तो एकटा कां उभा असतो हें गुरुजींच्या आधीं तुम्हांस कळतें. त्यास ठेविलेलें टोपणनांव तुम्हींच बंद करूं शकतां. खेळांत त्यास एक जागा द्या, त्याची पाळी येईपर्यंत थांबा, आणि त्याचें बोलणें पुरें होऊं द्या. इस्पितळांतील त्या खोलींत जमिनीवरचे चुरे वेचणारीं मुलें सर्वांनींच पाहिलीं होतीं. त्यांस काय हवें आहे हें एकीनेंच ओळखलें, आणि तेवढ्यानें जगांतील शाळांचें रूप पालटलें. तुमच्या वर्गांतहि कोणी तरी तसें कांहीं वेचीत असेल. तें आज पाहा, आणि उद्यां त्याच्या शेजारीं जाऊन बसा.